चांगले पाणी कोणासाठी? गच्चीवरील ॲक्वापोनिक्सचे पहिले सहा आठवडे

आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापैकी बरेच जण आता पुणे परिसरात स्थायिक झालेले आहेत. शेतीशी असलेले नाते पूर्णपणे तुटू नये म्हणून कुणी गच्चीवर कुंड्या ठेवल्या, कुणी वाफे केले आणि काहींनी त्यापुढे जाऊन ॲक्वापोनिक्सचा प्रयोग हाती घेतला. आम्ही धायरीचे रहिवासी. या प्रयोगाविषयी आमच्याकडे जी विचारणा होते, तिच्यात एक प्रश्न ठरलेला असतो : पाणी तर काचेसारखे स्वच्छ होते, मग आठ-दहा दिवसांतच मासे का दगावले? या लेखात त्याच प्रश्नाचे उत्तर सविस्तर देण्याचा विचार आहे.

ॲक्वापोनिक्सची मांडणी साधी असते. एका टाकीत मासे, तिच्यावर किंवा शेजारी खडीने भरलेला वाफा आणि त्या वाफ्यात मातीविना वाढणारी रोपे. छोटा पंप टाकीतील पाणी वाफ्यात चढवतो. ते खडीतून झिरपून पुन्हा टाकीत उतरते. माशांची विष्ठा आणि उत्सर्जन हेच रोपांचे खत, आणि रोपांनी खत शोषून घेतलेले पाणी माशांसाठी पुन्हा वापरता येते. वाफ्याला दिलेले पाणी जमिनीत मुरून जात नाही. बाष्पीभवनाने आणि पानांवाटे जेवढे उडते तेवढेच भरावे लागते. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीला ही गोष्ट आकर्षक वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु मांडणी साधी असली तरी तिच्यातील पाण्याला एकाच वेळी तीन प्रकारच्या जिवांचे समाधान करावे लागते : मासे, रोपे आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. चौथे आपण स्वतः. मात्र आपली कसोटी येथे लागू पडत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १०५०० हे मानक आहे. त्यानुसार निर्जंतुक केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे लागते. माणसाच्या दृष्टीने ती सुरक्षिततेची खूण आहे. माशांच्या कल्ल्यांना मात्र त्याहून बरेच कमी क्लोरीनही इजा करते आणि जिवाणूंना मारण्यासाठी तर ते घातलेलेच असते. याउलट, याच मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ॲक्वापोनिक्सच्या टाकीत नायट्रेट ६० किंवा ८० मिलिग्रॅमवर गेले तर पालक जोमाने वाढतो आणि माशांना त्याची तक्रार नसते. म्हणजे ‘पाणी चांगले आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. कोणासाठी, हे सांगितल्याखेरीज त्याला उत्तर नाही.

वसतिगृहात राहून शिकलेल्या प्रत्येकाने विज्ञानाच्या वहीत नायट्रोजन चक्राची आकृती काढलेली असेल. बाण कोणीकडून कोणीकडे जातात हे परीक्षेपुरते पाठ करून आपण ती विसरलो. गच्चीवरच्या टाकीत ती आकृती प्रत्यक्षात घडत असते. मासा प्रथिने खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. अमोनिया माशालाच विषारी आहे. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे रूपांतर नायट्राइटमध्ये करतो; नायट्राइटही विषारीच. दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो आणि ते रोपे शोषून घेतात. हे दोन टप्पे वेगवेगळ्या जिवाणूंचे आहेत, असे १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राड्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने दाखवून दिले. (दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे जिवाणूही असतात, हे २०१५ मध्ये उघडकीस आले, आपल्या कामापुरती जुनी समजूत पुरेशी आहे.) हे जिवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा खडीच्या, नळीच्या आणि टाकीच्या पृष्ठभागाला चिकटून राहणे पसंत करतात, आणि त्यांची वाढ अतिशय संथ असते. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना दुप्पट व्हायला अनुकूल परिस्थितीतही बहुधा अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागतो. नवी टाकी भरली त्या दिवशी ते जवळजवळ नसतातच.

यात आता आकडे घालून पाहू. ५०० लिटर पाण्याची टाकी आहे आणि आपण माशांना रोज १० ग्रॅम खाद्य घालतो. त्या खाद्यात ३२ टक्के प्रथिने असतील तर मत्स्यपालनातील रूढ हिशेबानुसार त्यापासून सुमारे ०.३ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात उतरतो. म्हणजे लिटरमागे रोज ०.६ मिलिग्रॅम. जिवाणू नसतील तर चार दिवसांत तो २ मिलिग्रॅमच्या पुढे जातो. पाणी दिसायला स्वच्छच राहते, वासही येत नाही. मासे मात्र पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागतात, खाणे सोडतात, आणि आठवडा संपायच्या सुमारास एकेक करून तरंगू लागतात. ‘दुकानदाराने रोगट मासे दिले’ असा निष्कर्ष तेव्हा काढला जातो. बहुतेक वेळा त्या दुकानदाराचा काही दोष नसतो.

अमोनियाचे विष किती तीव्र, हे पाण्याच्या सामूवर, म्हणजेच पीएचवर अवलंबून असते. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो; त्यांतील मुक्त रूप घातक, तर अमोनियम हे रूप बरेच निरुपद्रवी. २५ अंश सेल्सियस तापमानात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याहून थोडाच अधिक भाग मुक्त असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांच्या पुढे जातो, आणि ८.५ ला सुमारे १५ टक्के होतो. म्हणून तेवढेच मासे, तेवढेच खाद्य आणि तेवढाच अमोनिया असूनही एका घरी मासे तग धरतात आणि शेजारच्या इमारतीत मरतात. धायरीत हे नेहमी दिसते, आणि त्याचे कारण समजण्यासाठी येथील पाणी कुठून येते ते पाहिले पाहिजे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावे पुणे महानगरपालिकेत आली; धायरी त्यांतील एक. इमारती आधी उभ्या राहिल्या आणि जलवाहिन्यांचे जाळे त्यांच्या मागून आले. त्यामुळे येथे तीन प्रकारचे पाणी वापरात आहे : खडकवासला धरणसाखळीतून येणारे नळाचे पाणी, इमारतीच्या आवारातील बोअरवेलचे पाणी आणि टँकरचे पाणी. पुष्कळ सोसायट्यांत ही तिन्ही पाणी एकाच भूमिगत टाकीत एकत्र होतात आणि त्यांचे प्रमाण दर आठवड्याला बदलते. पुणेकरांना गुरुवारच्या पाणीबंदीची आणि ‘शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल’ या वाक्याची सवय आहे. माशांना ती सवय नसते. गुरुवारी टाकीत टँकरचे पाणी उतरले आणि शनिवारी आपण तेच गच्चीवर चढवले, तर माशांच्या दृष्टीने जणू गावच बदलले.

धरणाचे पाणी सह्याद्रीच्या पावसाचे. ते बहुधा मऊ असते, म्हणजे त्यात कॅल्शियमचे व बायकार्बोनेटचे प्रमाण कमी असते. बोअरवेलचे पाणी काळ्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांतून आलेले असते. खडकाशी दीर्घकाळ संपर्क झाल्याने त्यात बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर उतरलेले असते. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, हा त्याचा घरगुती परिचय. टाकीच्या भाषेत सांगायचे तर बायकार्बोनेट हे सामूला बांधून ठेवते. ते भरपूर असले की सामू ८ च्या आसपास अडून बसतो आणि खाली येत नाही.

बोअरवेलच्या पाण्याची आणखी एक खोड आहे. नळातून नुकतेच काढलेले पाणी तपासले तर सामू अनेकदा ७.२ किंवा ७.४ दिसतो आणि मन निश्चिंत होते. जमिनीखाली विरघळलेला कार्बन डायऑक्साइड त्यात असतो म्हणून हा आकडा खोटा कमी दिसतो. बादलीत काढून, हवेचा छोटा पंप लावून एक दिवस ठेवले की तो वायू निघून जातो आणि सामू ८ वर किंवा त्याहून वर जातो. तपासणी नेहमी या दुसऱ्या पाण्याची करावी. शिवाय खोल बोअरच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन अगदी कमी असतो. ते थेट माशांच्या टाकीत सोडू नये.

सामू खाली आणण्यासाठी लिंबू पिळणे, व्हिनेगर ओतणे, बॅटरीचे आम्ल घालणे असे उपाय लोक सुचवतात. लिंबाचा रस व व्हिनेगर जिवाणू खाऊन टाकतात आणि दोन दिवसांत सामू होता तेथे येतो. बॅटरीचे आम्ल घरात हाताळण्याची वस्तू नव्हे, आणि त्यात जड धातू असण्याचीही शक्यता असते. जोवर बायकार्बोनेट संपत नाही तोवर कोणतेही आम्ल तात्पुरतेच. त्यापेक्षा मऊ पाणी मिसळणे हा शहाणपणाचा मार्ग आहे, आणि तेही निसर्ग आपल्याला फुकट देतो. गच्चीच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. पहिल्या एकदोन सरींनी पत्रा व गच्ची धुतली जाऊ द्यावी आणि नंतरचे पाणी झाकलेल्या पिंपांत साठवावे. जूनमध्ये सुरुवात करणाऱ्याचे अर्धे प्रश्न यानेच सुटतात. मार्च-एप्रिलमध्ये टँकरच्या पाण्यावर सुरुवात करणे आम्हांला तरी पटत नाही.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. मऊ पाणी सुरुवातीला सोयीचे असले तरी दीर्घकाळात तेही अडचण आणते. जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना आम्ल तयार करतात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅम चुनखडीएवढी धारणशक्ती खर्ची पडते. वरच्या उदाहरणातील टाकीत रोज लिटरमागे ४ मिलिग्रॅमची वजावट होते. बोअरच्या पाण्यात ती धारणशक्ती २०० मिलिग्रॅम असेल तर दीड महिना काहीच जाणवत नाही. मऊ पाण्यात ती ५० मिलिग्रॅम असेल तर बारा-तेरा दिवसांत शिल्लक संपते, सामू एकदम ६ च्या खाली घसरतो, जिवाणू काम थांबवतात आणि अमोनिया पुन्हा साठू लागतो. यावर उपाय म्हणजे शिंपल्यांचा चुरा किंवा चुनखडीचे खडे सुती पिशवीत घालून वाफ्यातून पाणी उतरते तेथे टांगणे. ते आवश्यक तेवढेच विरघळतात. विड्याच्या पानाचा चुना चमच्याने घालण्याचा मोह मात्र टाळावा : टाकीत अमोनिया असताना सामू झपाट्याने चढवणे म्हणजे निरुपद्रवी अमोनियमचे हातोहात विष करणे होय. खाण्याच्या सोड्याने सामू वाढतो खरा, पण त्यातील सोडियम साठत जातो आणि रोपांना बाधतो.

आता क्लोरीनविषयी. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, म्हणजे नांदेड, किरकटवाडी, खडकवासला आणि आपल्या धायरीतही, गुलेन-बॅरी सिंड्रोमचे, म्हणजेच जीबीएसचे, रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू व नोरोव्हायरस सापडले आणि संशय पाण्याकडे वळला. विहिरी, टँकर, खासगी शुद्धीकरण केंद्रे यांची तपासणी झाली आणि पाण्यात क्लोरीन आहे की नाही याकडे सर्वांचेच लक्ष गेले. हात-पाय लुळे पडलेले रुग्ण ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना क्लोरीनचे महत्त्व सांगावे लागत नाही. म्हणूनच आमचे म्हणणे स्पष्ट आहे : माशांसाठी म्हणून सोसायटीच्या टाकीतील क्लोरीन कमी करण्याचा विचारही कोणी करू नये. माणसांचे पाणी क्लोरीनयुक्तच असावे, आणि माशांसाठी वेगळे पिंप ठेवावे.

हे वेगळे पिंप म्हणजे गच्चीवरील सर्वांत उपयोगी वस्तू. १०० किंवा २०० लिटरच्या पिंपात पाणी भरून ते उघडे ठेवावे आणि त्यात हवेचा पंप चालू ठेवावा. उन्हात व हवेच्या बुडबुड्यांनी मुक्त क्लोरीन एक-दोन दिवसांत निघून जाते. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे ‘अँटी-क्लोरीन’, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पाकिटावरील प्रमाणात वापरावे. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडरची मात्रा दर खेपेला सारखी असेलच असे नाही, म्हणून अंदाजावर न जाता क्लोरीन तपासण्याची थेंबांची छोटी पेटी जवळ ठेवावी; जलतरण तलावासाठी वापरतात तीच चालते. टाकीत रोजची भर याच पिंपातून घालावी. खडी धुवायची असेल तर तीसुद्धा नळाच्या धारेखाली न धुता टाकीतल्याच पाण्याने धुवावी. महिनाभर जोपासलेले जिवाणू नळाच्या धारेखाली पाच मिनिटांत नष्ट होऊ शकतात.

जिवाणूंची वसाहत तयार करण्यासाठी मासे आणण्याची गरज नाही. किंबहुना आणूच नयेत, असे आम्ही आग्रहाने सांगतो. पूर्वी ‘दोन-चार स्वस्तातले मासे सोडा, ते मेले तरी चालेल’ असा सल्ला सर्रास दिला जाई. मुक्या जिवाला विषात पोहायला लावून पाणी तयार करणे हे अनावश्यक आहे, कारण अमोनिया बाहेरून घालता येतो. कल्हईवाल्याकडे दिसणारा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईचा खडा मात्र अशुद्ध असू शकतो. प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या दुकानातून शुद्ध नवसागर घ्यावा. ५०० लिटर पाण्याला सुमारे ३ ग्रॅम घातल्यास लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. पंप चालू ठेवावा, पाणी खडीतून फिरत राहू द्यावे आणि एक दिवसाआड तपासणी करून वहीत तारखेसह नोंद करावी.

पहिला आठवडा काहीच घडत नाही. अमोनिया २ वर स्थिर राहतो आणि उत्साह ओसरू लागतो. दुसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट दिसू लागते. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा मात्रा द्यावी, नाहीतर नवे जिवाणू उपाशी राहतील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नायट्राइट खूप वर चढते आणि तेथेच रेंगाळते. बहुतेकांचा धीर याच टप्प्यावर सुटतो. मग एके दिवशी ते एकाएकी उतरते आणि नायट्रेट वाढलेले दिसते. नवसागराची पूर्ण मात्रा घातल्यानंतर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येत असतील तर पाणी तयार झाले असे समजावे. २५ ते ३० अंश तापमानात याला चार ते सहा आठवडे पुरतात. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा रात्रीचा पारा १० ते १२ अंशांवर उतरतो, तेव्हा दोन महिनेही लागू शकतात.

हा काळ कमी करण्याचा एकच भरवशाचा मार्ग आम्हांला ठाऊक आहे : निरोगी मासे असलेल्या, चालू स्थितीतील एखाद्या परिचिताच्या वाफ्यातून चार-पाच मुठी ओली खडी आणून आपल्या वाफ्यात मिसळणे. बाटलीतील तयार जिवाणूंचा अनुभव संमिश्र आहे. बाटली किती दिवस उन्हात पडली होती हे कोण सांगणार? काही जण मोठ्या श्रद्धेने जीवामृत किंवा शेणकाला ओततात. शेतात त्याचे गुण काहीही असोत, टाकीत तो कुजताना ऑक्सिजन संपवतो आणि विष्ठेतील जंतू कच्च्या खायच्या भाजीपर्यंत पोहोचवतो. अमोनिया खाणारे जिवाणू तर त्यात फारसे नसतातच.

तरीही कोणाच्या टाकीत मासे आधीच असतील आणि तपासणीत अमोनिया १ मिलिग्रॅमच्या वर दिसत असेल, तर खाद्य त्याच दिवशी बंद करावे. निरोगी मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. पिंपातील मुरवलेल्या पाण्याने एक-तृतीयांश पाणी बदलावे. जिवाणू खडीवर असल्याने ते त्यात वाया जात नाहीत. नायट्राइटचा प्रकार निराळा. ते माशाच्या रक्तात शिरून रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती हिरावून घेते आणि रक्त तपकिरी होते. हवेचा पंप जोरात चालू असूनही मासा गुदमरतो. येथे मीठ उपयोगी पडते. मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. ५०० लिटरला १५० ते २०० ग्रॅम साधे जाडे मीठ बादलीत विरघळवून हळूहळू घालावे. क्लोराइड आणि क्लोरीन यांत गल्लत करू नये. नावे जवळची, स्वभाव अगदी भिन्न. मीठ पाण्यातून आपोआप जात नाही, म्हणून पुन्हापुन्हा घालू नये. स्ट्रॉबेरी व घेवडा यांना ते लवकर बाधते.

तपासणीविषयी थोडे. शुद्धीकरण यंत्रे विकणाऱ्यांनी घरोघरी टीडीएस मीटर पोहोचवले आहे आणि पाण्याचा सगळा निवाडा त्या एका आकड्यावर करण्याची सवय लागली आहे. टीडीएस म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज. त्यात अमोनिया दिसत नाही, क्लोरीन दिसत नाही, सामूही दिसत नाही. १२० टीडीएसच्या ‘उत्तम’ पाण्यात मासे मरतात आणि ५०० टीडीएसच्या पाण्यात सुखाने नांदतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व सामू या चार तपासण्यांची थेंबांची पेटी घ्यावी. खर्च दोन-चार मासे विकत घेण्याहून जास्त येतो, पण तो प्रथमच करावा. जल शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी टाकीत वापरावे का, असेही विचारले जाते. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला आहे, परंतु त्यात क्षार एकवटलेले असतात. ते फरशी पुसण्यासाठी ठेवावे.

भांडे आणि खडीही पाण्याचा गुण बदलतात. सिमेंटच्या नव्या टाकीतून चुना झिरपत राहतो आणि सामू ९ च्याही वर जातो. ती अनेकदा भरून रिकामी केल्याशिवाय वापरू नये. जुन्या बाजारातील निळी पिंपे स्वस्त पडतात, पण त्यांत पूर्वी काय होते हे खात्रीने कळत नसेल तर घेऊ नयेत. पितळी कॉक, तांब्याची नळी आणि जस्ती पत्रा टाळावा. तांबे व जस्त यांचे अत्यल्प प्रमाणही माशांना घातक असते. खडी घेताना मूठभर खडीवर व्हिनेगर टाकून पाहावे. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे, आणि ती सामू वर ढकलत राहील. संगमरवराची पांढरी खडी हमखास फसफसते. आपल्याकडची क्रशरची काळी खडी बहुधा फसफसत नाही, मात्र तिची भुकटी निघेपर्यंत ती धुवावी लागते; पाच-सहा वेळा तरी.

टाकी सावलीत आणि झाकलेली असावी. उन्हात पाणी चार दिवसांत हिरवे होते. ते शेवाळ दिवसा ऑक्सिजन देते आणि सामू चढवते. रात्री तेच ऑक्सिजन ओढून घेते. म्हणून पहाटे चार ते सहा ही वेळ माशांसाठी सर्वांत कठीण असते. त्यात उष्णतेची भर पडते : समुद्रसपाटीला २० अंशाचे पाणी लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकते, ३० अंशाचे साडेसात, आणि पुण्याच्या उंचीवर त्याहूनही थोडे कमी. मासे व जिवाणू दोघांनाही किमान ५ मिलिग्रॅम लागतो. एप्रिल-मे महिन्यांत वीज दोन तास गेली तर काय, याची सोय आधीच करावी. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पुरेसा होतो.

रोपे साधारण चौथ्या आठवड्यात, नायट्रेट दिसू लागल्यावर लावावीत. पालक, लेट्यूस, पुदिना, तुळस यांना प्रथम स्थान द्यावे. टोमॅटो व मिरचीची भूक मोठी असते. धायरीच्या जड पाण्यात एक लक्षण बहुधा दिसतेच : कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. सामू ८ च्या आसपास लोह रोपांना मिळत नाही. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकॉसी यांनी ॲक्वापोनिक्सवर दीर्घकाळ काम केले; तेथेही दर तीन आठवड्यांनी लिटरमागे २ मिलिग्रॅम लोह बाहेरून द्यावे लागे, कारण माशांच्या खाद्यात ते रोपांना पुरेल एवढे नसते. कृषी सेवा केंद्रातील चिलेटेड लोह घेताना वेष्टन वाचावे : ईडीटीए प्रकार जड पाण्यात टिकत नाही, ईडीडीएचए टिकतो. पाणी त्याने तांबूस होते. काळजीचे कारण नाही.

मासे शेवटी. गोल्डफिश किंवा कोई हे सोशिक असून नवख्याला पुरेसे आहेत. चिलापी उजनीत कितीही मिळत असली तरी तिच्या संवर्धनाला परवानगी लागते, आणि थाई मांगूर पाळण्यास बंदी आहे. आणलेली पिशवी वीस मिनिटे टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, नंतर तिच्यात थोडेथोडे टाकीतले पाणी घालत अर्ध्या तासाने मासे सोडावेत. पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये. पुढचा आठवडा ठरलेल्या मात्रेच्या निम्मे द्यावे आणि अमोनिया रोज तपासावा.

वाफ्यावर जाळी मात्र पहिल्या दिवसापासून हवी. आपल्या गच्च्यांवर पारवे उदंड आहेत, आणि कॅम्पिलोबॅक्टर पक्ष्यांच्या आतड्यांत सहज वास करतो. पाने पाण्यापासून वर ठेवून तोडावीत, कच्ची खायची असतील तर पिण्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने नीट धुवावीत, आणि धुतलेले ते पाणी चुकूनही माशांच्या पिंपात ओतू नये.